शितळेची मुले

आजारी मुलाची गोष्ट सांगणे हे लेखकास मोठे मोहाचे काम आहे. वाचकाचे डोळे ओले करण्यास तेथे फारसे कौशल्य लागत नाही. अंथरुणावर पडलेले मूल नुसते हसले तरी पुरे होते. मुलांच्या हाती सर्रास पडणाऱ्या इंग्रजी व युरोपीय कादंबऱ्यांत या मोहाचा इतिहासच वाचावयास मिळतो. स्टोव्हबाईंच्या १८५२ च्या कादंबरीतील लहानगी इव्हा सर्वांस उपदेश करीत देवदूतासारखी निघून जाते. योहाना स्पिरीच्या ‘हायडी’तील क्लारा आल्प्सची हवा व शेळीचे दूध यांच्या बळावर चाकांच्या खुर्चीतून उठते. फ्रान्सिस बर्नेटच्या १९११ च्या ‘सिक्रेट गार्डन’मधील कॉलिन बागेत माती उकरता उकरता चालू लागतो. मूल एकतर देवदूत होऊन मरते, नाही तर शेवटच्या प्रकरणात उठून चालू लागते. तिसरा शेवट या कादंबऱ्यांस जणू ठाऊकच नाही.

रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’ची गोष्ट निराळी आहे. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या या नाटकातील अमल आजाराशी झुंजत नाही, कोणास उपदेशही करीत नाही. वैद्याने खोलीत कोंडलेले ते मूल खिडकीशी बसून दहीवाल्याशी व पहारेकऱ्याशी बोलते आणि राजाच्या पत्राची वाट पाहते. जुलै १९४२ मध्ये वॉर्साच्या ज्यू वस्तीत यानुश कोर्चाक यांनी आपल्या अनाथालयातील मुलांकडून हेच नाटक करविले, आणि थोड्याच दिवसांनी ते त्या मुलांसह ट्रेब्लिंकाच्या छावणीकडे नेले गेले. आमच्याकडे साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली व १९३५ साली प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ घरोघर वाचली गेली, परंतु तेथे अंथरुणास खिळलेली आहे ती आई. मूल दुरून तळमळते. जे मूल स्वतःच व्याधीच्या तोंडी उभे आहे, ते मरून देवदूतही होत नाही आणि उठून धावतही नाही, त्याची कादंबरी मराठीने अद्याप मनावर घेतलेली नाही.

ही कादंबरी लिहू इच्छिणाऱ्यास कल्पनेच्या राज्यात फार दूर जाण्याचे कारण नाही. तिची सामग्री देवीच्या रोगाच्या इतिहासात पडलेली आहे आणि त्या इतिहासाची एक वाट आमच्या ठाणे जिल्ह्याच्या पूर्व कडेवरून, शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांच्या पाड्यापाड्यांवरून जाते. जेन्नरचे नाव आमच्या मुलांस पाठ असते. परंतु ज्या मुलांच्या दंडांवरून जेन्नरचा शोध जगभर फिरला, त्यांचे नावही कोणी घेत नाही. त्या मुलांविषयी आम्ही येथे लिहीत आहो.

प्रथम रोगाविषयी. देवीच्या रोगास आमच्या भाषेने जे नाव दिले तेच बोलके आहे. रोग ‘होत’ नसे, देवी ‘येत’. अंगावर फोड उठलेले मूल हे रोगी नव्हे, तर देवीचे वसतिस्थान समजले जाई. दाराशी कडुनिंबाचा डहाळा लागे, घरात फोडणीचा चर्र आवाज बंद होई, मुलास थंड अन्न देत, त्याच्या अंथरुणाशी कोणी मोठ्याने बोलत नसे. त्यातील निंबाचा पाला, थंडावा व एकांत यांनी मुलास थोडाफार आराम पडत असेल हे आजचा डॉक्टरही नाकारणार नाही. केळव्याच्या व मुंबईतील माहीमच्या शितळादेवीस नवस बोलले जात. आणि एवढे सर्व करूनही, लस न टोचलेल्या रोग्यांपैकी सुमारे तिसरा हिस्सा दगावे. जी मुले वाचत त्यांच्या चेहऱ्यावर जन्माचे वण राहत, काहींचे डोळे जात. मात्र देवीचा फेरा त्यांच्यावर पुन्हा येत नसे. कादंबऱ्यांस ठाऊक नसलेला तिसरा शेवट तो हाच. वणांनी भरलेल्या चेहऱ्याचे मूल गोठ्यावर काम करीत, सोयरीक जमेल की नाही याची आईस काळजी लावीत, पुढे चाळीस वर्षे जगे. आमच्या आजोबांच्या पिढीत असे चेहरे इतके होते की कोणी त्यांच्याकडे वळूनही पाहत नसे.

श्रावण शुद्ध सप्तमीस आमच्या बायका शितळेचे व्रत करतात. त्या व्रताची कहाणी लहानपणी ऐकताना कोणी फारसे मनावर घेत नाही, पण ती मोठी भयंकर आहे. राजा तळे बांधतो, त्यास पाणी लागत नाही. जळदेवता सुनेचा वडील मुलगा मागतात. ही गोष्ट सुनेस कळली तर ती होऊ देणार नाही, म्हणून तिला माहेरी धाडतात. इकडे मुलास न्हाऊमाखू घालून, जेवू घालून, दागिने चढवून पलंगावर तळ्याच्या मध्यभागी ठेवतात. तळे भरते, गाव पाणी पिते. पुढे ती आई परत येते, भरलेले तळे पाहते, तेथेच शितळेची पूजा करते आणि व्रताच्या पुण्याईने तिचे मूल तिला परत मिळते. व्रतकथेचा शेवट गोड असावा लागतो, तो तसा आहे. परंतु कहाणी रचणाऱ्या त्या अनामिक बाईने दोन गोष्टी लपविलेल्या नाहीत. सर्व गावाचे कल्याण एका मुलाच्या अंगावर टाकले गेले, आणि त्याच्या आईस विचारले गेले नाही. देवीच्या लशीचा पुढचा सारा इतिहास आम्हांस या कहाणीच्या जवळचा वाटतो. फरक इतकाच की तेथे आई बहुधा मुलास मांडीवर घेऊन बसलेली असे.

१७९६ च्या मे महिन्यात जेन्नरने आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलास, जेम्स फिप्सला, गवळणीच्या हातावरील गाईच्या देवीची लस टोचली आणि जुलैत त्याच मुलास खऱ्या देवीची लस टोचून पाहिली. मुलास काही झाले नाही. झाले असते तर? हा प्रश्न जेन्नरचे चरित्रकार चटकन ओलांडून पुढे जातात. जेन्नरने पुढे फिप्सला राहावयास घर दिले, यावरून त्यास तरी तो प्रश्न सुटला नसावा असे आम्हांस वाटते.

शोध लागला, पण तो हिंदुस्थानात यावा कसा? लस म्हणजे काही पुडीत बांधून पाठवावयाचे औषध नव्हते. मराठीत ‘लस’ या शब्दाचा मूळ अर्थ जखमेतून पाझरणारे पातळ द्रव्य असा आहे. आज प्रत्येक रोगाच्या टोचणीस आपण तो शब्द लावतो, तेव्हा त्या पहिल्या फोडाची आठवण नकळत त्यात राहिलेली असते. दोऱ्यास माखून अथवा काचेच्या दोन तुकड्यांत वाळवून ही लस युरोपातून रवाना केली जाई आणि वाटेतील उष्म्याने निर्जीव होई. अखेर व्हिएन्नाच्या डॉक्टर डी कारो यांच्या खटपटीने ती बगदादेस पोहोचली, तेथून बसऱ्यास व बसऱ्याहून जहाजाने मुंबईस आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती टोचली, आणि फोड धरला. हिंदुस्थानात लस यशस्वीपणे टोचली गेलेले हे पहिले मनुष्य.

अॅनाचा बाप युरोपियन होता. आईच्या कुळाची नोंद नाही. ज्यांनी तिला लस टोचविली त्या डॉक्टरांनी तिच्याविषयी एक गोष्ट लिहून ठेवली: पोर फार शांत व गोड स्वभावाची आहे. इतिहासात या मुलीचे एवढेच वर्णन शिल्लक आहे. प्रथमदर्शनी हे कौतुक वाटते, पण आम्हांस ते कामाचे टाचण वाटते. ज्या मुलाच्या दंडावरचा पिकलेला फोड नस्तराने उघडून त्यातील थेंब न थेंब टिपावयाचा आहे ते मूल हातपाय झाडणारे असून चालत नाही. पुढच्या आठवड्यात अॅनाच्या दंडातून पाच मुलांस लस टोचली गेली. त्या मुलांकडून पुण्यास, सुरतेस, हैदराबादेस, मद्रासेस गेली. त्या मोसमात हिंदुस्थानभर जी लस पसरली तिचा उगम या एका दंडात होता.

त्याच वर्षी २५ ऑक्टोबरास हडपसरास होळकरांनी पेशव्यांचा मोड केला आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी बाजीरावांनी वसईस तह करून आपले राज्य गहाण टाकले. आम्ही इतिहासाचे शिक्षक १८०२ साल म्हटले की वसईचा तह शिकवितो. परीक्षेत तो हमखास विचारलाही जातो. अॅनाचा प्रश्न कोणी काढीत नाही. तहाचे परिणाम सोळा वर्षांत संपले, कारण राज्यच संपले. दंडाचे परिणाम पावणेदोनशे वर्षे पुरले.

शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने मात्र १८०२ ची मुंबई म्हणजे परका मुलूख. साष्टी इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस घेतली होती, तरी कल्याण, मुरबाड व पूर्वी ज्यास कोळवण म्हणत तो शहापूरचा प्रदेश १८१७-१८ पर्यंत पेशव्यांचाच होता. अॅनाच्या दंडापासून माहुलीचा किल्ला पन्नास-साठ मैलांवर. पण मध्ये एक सरहद्द होती. ती गेल्यावरही लस आपोआप आली नाही. १८२७ साली मुंबई इलाख्याने फिरत्या टोचणाऱ्यांची पद्धत बसविली: वर युरोपियन अधिकारी, खाली देशी टोचणारे, आणि त्यांनी आपापल्या टापूतील गावे ओळीने घ्यावयाची. गावकरी त्यास ‘देवी काढणे’ म्हणू लागले. देवी अंगावर येण्याआधीच कोणी माणूस नस्तर घेऊन ती काढावयास येतो, हा केवढा उलटा व्यवहार त्या दोन शब्दांत मावला आहे!

आता या देवी काढणाऱ्याचे गणित समजून घेतले पाहिजे, कारण मुलांची खरी कथा त्यात आहे. टोचल्यापासून आठव्या दिवसाच्या सुमारास फोड पिकतो व त्यातील लस घेण्यास योग्य होते. त्या वेळी ती काढून ताबडतोब दुसऱ्या मुलाच्या दंडात गेली पाहिजे. दोन-तीन दिवस उशीर झाला की ती निरुपयोगी. म्हणजे दर आठवड्यास निदान एक ताजे, न टोचलेले, निरोगी मूल हवे, आणि एखादा फोड धरला नाही तर असावे म्हणून दुसरे एक जोडीस. वर्षाला बावन्न आठवडे. एका टापूत लस जिवंत ठेवावयाची तर वर्षाकाठी शंभर मुले नुसत्या साखळीसाठीच खर्ची पडत. टोचून सुरक्षित झालेली मुले निराळी. स्पेनच्या राजाने १८०३ साली हीच लस अमेरिकेस धाडली तेव्हा जहाजावर तीन ते नऊ वर्षांची २२ अनाथ मुले घेतली होती, आणि दर वेळी दोन-दोन मुलांच्या दंडांवरून ती महासागर ओलांडीत गेली. मुले हीच लशीची कुपी होती. कुपी काचेची नव्हती, तिला भूक लागे व रात्री ती रडे, एवढाच काय तो फरक!

मुरबाडच्या मुलुखात ही साखळी चालविणे म्हणजे काय, हे ज्याने म्हसा ते माळशेज अथवा डोळखांबची बाजू पायी तुडविली आहे त्यास सांगावयास नको. पावसाचे चार महिने नद्यानाल्यांनी वाटा तोडलेल्या. टोचल्याच्या जखमा दमट हवेत चिघळत, म्हणून ते महिने वर्ज्य. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत थंडीचे दिवस तेवढे कामाचे. चैत्राचा उष्मा सुरू झाला की लस दुबळी होई, आणि नेमकी त्याच दिवसांत खरी देवी पसरू लागे. म्हसोबाची जत्रा पौषात भरते, हजारो गुरे व माणसे घाटावरून व खालून तेथे उतरतात. देवी काढणाऱ्यास माणसे एकत्र मिळण्याचा तोच मोसम, आणि रोगासही तोच. थळ घाटाखाली कसाऱ्यापर्यंत १८६१ च्या आरंभी आगगाडी आली व शहापूर तालुक्याची रुळालगतची गावे मुंबईच्या हाकेवर आली. मुरबाडास ते भाग्य लाभले नाही. परंतु आगगाडीच्या वाटेने लस यावी तशी देवीही येई. घाटातील बोगदे खणण्यास देशोदेशींचे मजूर जमले होते, त्यांच्या झोपड्यांत रोगास सीमा नव्हती.

कुणब्याचे गाव एका जागी असते. टोचणारा आठव्या दिवशी परत आला तर मूल जागेवर सापडते. ठाकरांचे पाडे डोंगरकडेस विखुरलेले. कातकरी तर थंडी पडताच काथ पाडण्यास, कोळसा भाजण्यास बिऱ्हाड पाठीवर घेऊन रानात निघालेला. सरकारी पत्रकात टोचणीचा मोसम व या माणसांच्या पोटापाण्याचा मोसम एकच होता. आज टोचलेले कातकऱ्याचे पोर आठव्या दिवशी तीन खोरी पलीकडे असणार. या गैरहजेरीस त्या काळचे अधिकारी ‘अज्ञान’ म्हणत. आम्हांस हा शब्द फार सोयीचा वाटतो. दुसऱ्याचे पोट कोणत्या महिन्यात कोठे भरते हे माहीत नसणे, हेही अज्ञानच होय.

शिवाय आठव्या दिवसाविषयी लोकांच्या मनात टोचणीपेक्षाही अधिक भीती होती. टोचून घेण्यास आई एक वेळ तयार होई. पण ज्या दंडावर फोड नुकता भरला आहे, मूल तापाने कण्हत आहे, तोच फोड पुन्हा उघडून त्यातील रस परक्याच्या मुलासाठी काढून नेणे तिला कसे पटावे? पोराची शक्ती काढून नेतात, असे बायका म्हणत. ही समजूत शास्त्रास धरून नसेल, परंतु पोर ओरडत होते हे तर खरे! मग ज्यांस नाही म्हणण्याची ऐपत नव्हती त्यांची मुले या कामी येत. गरीब आईच्या हातावर काही पैसे ठेवून तिला व तिच्या मुलास एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्याची चाल देशभर होती. आणि दुसऱ्या गावी पोहोचल्यावर पुढचा प्रश्न उभा राही: हे मूल कोणाचे? वरच्या जातींचा आक्षेप गाईच्या रोगास जितका नव्हता तितका ज्या दंडातून लस येणार त्या दंडाच्या जातीस होता. अस्पृश्य म्हणून ज्याची सावली चालत नव्हती त्याच्या मुलाच्या अंगातील द्रव्य आपल्या मुलाच्या रक्तात जावे, ही कल्पना वाड्यावरच्या माणसास देवीहून भयंकर वाटे. असे असूनही ते जातच होते. एका गावच्या पाटलाच्या नातवास जीवदान देणारा थेंब कोणा मजुराच्या पोरीच्या दंडातून आला असेल, आणि त्या पोरीस पाटलाच्या ओसरीवर चढण्याची मुभा नसेल. मुंबई इलाख्याच्या सामाजिक इतिहासात याहून बोलके दृश्य शोधूनही सापडणार नाही.

आमच्या मनातील कादंबरी येथे सुरू होते. तिच्या नायिकेस धैर्यवान म्हणावे की नाही, हा प्रश्न लेखकास प्रथम सोडवावा लागेल. धैर्य म्हणजे भय ओळखून, पर्याय समोर असताना, कठीण तो निवडणे, अशी आपण मोठ्यांची व्याख्या करतो. सहा वर्षांच्या मुलीपुढे पर्याय कोठला? तिला उचलून आणले, धरून ठेवले, टोचले, आठ दिवस खाजवू नको म्हणून हातास फडके बांधले, आणि मग ज्या गावाचे नाव तिने ऐकलेले नाही तेथे नेऊन तिचा दंड उघडला. यास शौर्य म्हणून टाळ्या पिटणे म्हणजे आपल्या सक्तीवर तिच्या नावाचा मुलामा चढविणे होय. तथापि आजारी मुलांच्या उशाशी ज्यांनी रात्री काढल्या आहेत त्यांनी एक गोष्ट पाहिलेली असते. आईचा चेहरा उतरला आहे हे मूल ओळखते, आणि तिला बरे वाटावे म्हणून दुखणे थोडे लपविते. हे त्यास कोणी शिकविलेले नसते. अॅनाच्या डॉक्टरास जो गोड स्वभाव दिसला त्यात याचाही अंश असेल. मुलाचे धैर्य जर कोठे असेल तर ते येथे असते. रोगाशी लढण्यात ते फारसे नसते. ‘डाकघर’च्या कर्त्यास हे कळले होते, इव्हाच्या कर्त्रीस कळले नाही.

म्हणून या कादंबरीत आईस अडाणी व टोचणाऱ्यास उद्धारक ठरवून भागणार नाही. टोचणारा हा दहा-वीस रुपड्यांचा चाकर. आकडे भरले नाहीत तर वरून ठपका, भरावयास गेला तर गाव रिकामे. त्यानेही उन्हात वणवण केली, दगड खाल्ले, आणि कधी खोटे आकडेही भरले. आईच्या भीतीसही आधार होता. दंडावरून दंडावर लस नेताना इतर रोगही जात, हे युरोपातच सिद्ध झाले आणि इंग्लंडने १८९८ साली ती पद्धत बंद केली. मुंबईत त्यापूर्वीच, १८६९ च्या सुमारास, वासरांच्या अंगावर लस वाढविण्यास आरंभ झाला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ च्या पहिल्या पदवीधरांपैकी अनंत चंद्रोबा दुकले यांनी त्या खात्यात काम केले. गाईच्या अंगास जखमा करण्यास आक्षेप निघाले, ते स्वाभाविकच होते. परंतु मजुराचे मूल ओरडले तेव्हा गप्प राहिलेली सभ्य माणसे वासरासाठी हळहळली, ही नोंदही कादंबरीकाराने टिपून ठेवावी. १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात टोचणी सक्तीची झाली, १८९२ च्या कायद्याने जिल्ह्यांतही सक्तीची वाट मोकळी झाली, आणि पुढे बेळगावच्या संस्थेत तयार झालेली लस इलाखाभर जाऊ लागली. मुलांचे दंड त्या ओझ्यातून सुटले. त्यांची आठवणही त्याबरोबरच सुटली.

पुढची हकीकत वेगाने सांगता येते. स्वातंत्र्यानंतर १९६२ साली देवीनिर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सुकविलेली, उष्मा सोसणारी लस आली. त्यामुळे ज्या उन्हाने मुरबाडची साखळी शंभर वर्षे तोडली ते ऊनच निष्प्रभ झाले. मुले ज्या यंत्रास पाहून शाळेच्या खिडकीतून पळत, ते दातेरी चकतीचे यंत्र कातडीवर ठेवून फिरवीत; पुढे दोन टोकांची साधी सुई त्याच्या जागी आली. आज शहापूरच्या अथवा मुरबाडच्या आठवडे बाजारात भाजीच्या पाटीशी बसलेल्या साठीच्या बाईने पदर सावरला की दंडावर अधेलीएवढे दोन गोल वण दिसतात. आमच्याही दंडावर ते आहेत. आमच्या विद्यार्थ्यांच्या दंडांवर नाहीत, आणि ते कशाचे आहेत हे त्यांस सांगावे लागते.

हिंदुस्थानातील देवीची शेवटची रोगी २४ मे १९७५ रोजी आसामात करीमगंज येथे सापडली. देवीच्या घातक जातीचा जगातील शेवटचा नैसर्गिक रोगी त्यानंतर पाच महिन्यांनी बांगलादेशात, भोला बेटावरील कुरालिया गावी मिळाला. तीही तीन वर्षांचीच मुलगी होती, अॅनाच्याच वयाची. नाव रहिमा बानू. तिच्या घरावर रात्रंदिवस पहारा बसला, आसपासच्या दीड मैलातील घरोघर टोचणी झाली, आणि ती बरी झाली, वण राहिले. तिच्या आजाराची वर्दी अधिकाऱ्यांस कोणा डॉक्टराने अथवा पाटलाने दिली नव्हती. बिल्किसुन्निसा नावाच्या आठ वर्षांच्या मुलीने ती दिली, आणि तिला ठरल्याप्रमाणे २५० टाका बक्षीस मिळाले.